खोगिराआधी खरारा

दादरकराला घोडा भेटतो तो लग्नसराईत: झालर, बँडबाजा आणि वर घामाघूम नवरदेव. शर्यतीचे घोडे बघायचे तर स्लो लोकलने तिसरं स्टेशन, महालक्ष्मी. तिथलं रेसकोर्स १८८३ सालचं, आणि तिथेच १९४२ पासूनचा अमॅच्युअर रायडर्स क्लब. ऑटिझम असलेल्या मुलांचे आईबाबा घोड्याची चौकशी करतात ती मात्र तिसऱ्याच कामासाठी. ऑक्युपेशनल थेरपी (ओटी) चालू आहे, स्पीच थेरपी चालू आहे. आता हॉर्स थेरपी करून बघू या का?

या कामात घोडा पळत नाही, चालतो. चालताना त्याची पाठ पुढेमागे, वरखाली आणि डावीउजवीकडे एकाच वेळी हलते, आणि वर बसलेल्याची कंबर जवळजवळ स्वतः चालत असल्यासारखी डुलते. दर पावलाला तोल सावरावा लागतो. फिजिओ किंवा ओटी ही हालचाल उपचारासाठी वापरतात ती हिप्पोथेरपी. खास तयारीच्या प्रशिक्षकाने मुलाच्या कलाने शिकवलेली घोडेस्वारी ती थेरप्युटिक रायडिंग. आपल्याला यातलं काय मिळणार, हे फी भरण्याआधी विचारावं.

सुरुवात खरार्‍याने होते. नाकासमोरचं आणि शेपटीमागचं घोड्याला दिसत नाही, म्हणून मुलाला खांद्याच्या बाजूने नेतात. शर्टाचं लेबल टोचतं म्हणून रडणारं मूल इथे ब्रश फिरवतं. हाताखाली ऊब, माशी बसली की थरथरणारी कातडी, आणि नाकात तबेल्याचा वास. एखाद्याला त्या दिवशी एवढंच झेपतं, आणि ते चालतं. खरी लढाई बहुधा हेल्मेटच्या पट्ट्याशी असते.

मग चौथऱ्यावरून खोगिरात. लगामाशी मोतद्दार, दोन्ही बाजूंना एकेक माणूस, गरज पडली तर मुलाच्या मांडीवर हात. सगळे थांबतात. मूल ‘चल’ म्हणेपर्यंत घोडा हलायचा नाही. शब्द नसेल तर चित्राचं कार्ड दाखवावं, मानेवर थाप मारावी. खूण केली की लगेच अख्खा घोडा निघतो! टेबलावर बसून ‘मागितलं की मिळतं’ हे शिकवायला महिने जातात. इथे मागणं आणि मिळणं यांत एका पावलाचं अंतर. माझ्या मते सगळी करामत याच क्षणात आहे, घोड्याच्या ‘दिव्य दृष्टी’त वगैरे नाही.

घोडाही निवडून घ्यावा लागतो. शर्यतीचा थरोब्रेड वेगासाठीच पैदा केलेला; अचानक किंकाळी, फेकलेला चेंडू, पोटाला घट्ट मिठी, हे सोसणारा शांत जीव वेगळा.

हे सगळं नवं नाही. पोलिओने गुडघ्याखाली पाय लुळे पडलेल्या डेन्मार्कच्या लिझ हार्टेलने १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाज या घोडेस्वारीच्या प्रकारात रौप्यपदक मिळवलं. घोड्यावर चढायला-उतरायला तिला मदत लागे. त्यानंतर युरोपात या उपचाराकडे लोक गांभीर्याने बघू लागले. ऑटिझमपुरतं बोलायचं तर अमेरिकेत ६ ते १६ वयाच्या १२७ मुलांवर झालेली चाचणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. निम्म्यांनी १० आठवडे घोडेस्वारी केली. बाकीचे घोड्यांविषयी शिकले, पण खऱ्या घोड्याला हात न लावता. स्वारी करणाऱ्यांची चिडचिड आणि अस्वस्थ धावपळ जास्त कमी झाली, बोलण्यात शब्द वाढले. पण ऑटिझम ‘बरा’ करतो म्हणणाऱ्याच्या तबेल्यातून पाय काढता घ्यावा. फिट्स आटोक्यात नसतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुलाला खोगिरात बसवूच नये. निदान आणि रोजची थेरपी हाच पाया. त्यासाठी २००१ पासून काम करणारी ‘उमीद’ संस्था किंवा शिवडीची १९४४ सालची जय वकील शाळा दादरहून काही लांब नाहीत.

घरच्यांचंही यात काही आहे. दवाखान्याच्या बाकावर कंटाळणारी धाकटी बहीण इथे बादली भरते, गाजर भरवते. आईला तासभर नुसतं कठड्याशी उभं राहता येतं. दादर स्टेशनच्या पुलावर कानांवर हात दाबून बसलेल्या मुलाला उचलून नेणाऱ्या बाईला ही चैनच.

मुंबईत अडचण जागेची, माणसांची नाही. २०१५ साली उच्च न्यायालयाने व्हिक्टोरिया घोडागाड्या बंद करायला लावल्या आणि घोड्यांत हयात घालवलेल्या माणसांचा धंदा गेला. जागेचं म्हणाल, तर २०२४ मध्ये रेसकोर्सची १२० एकर जमीन उद्यानासाठी महापालिकेकडे देण्याचं ठरलं. त्यात ४० बाय २० मीटरचं वाळूचं एक रिंगण, थोडी सावली, एक उतरता चौथरा आणि चार-पाच म्हाताऱ्या, समंजस घोड्यांची पागा बसवणं अवघड नाही. नकाशावर रेघ मारायची ती आत्ताच, काँक्रीट ओतल्यावर कोण ऐकतो?