भिंत जाड की पातळ?
कपाशीची शास्त्रकथा : भाग 7

1924 साली केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत, रदरफर्डच्या हाताखाली, नझीर अहमद नावाचा एक हिंदुस्थानी तरुण निरनिराळी मूलद्रव्यं गॅमा किरण किती शोषतात ते मोजत होता. त्या वर्षी रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्याचा शोधनिबंध छापून आला. पुढे लाहोरच्या इस्लामिया कॉलेजात त्यानं पदार्थविज्ञान शिकवलं. आणि 1930 साली तो माटुंग्याला आला, तो थेट कापूस तपासायला.

माटुंग्याची ही टेक्नॉलॉजिकल लॅबोरेटरी इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीनं 1924 मध्ये काढली होती. आज तिलाच आपण 'सिरकॉट' म्हणतो. पहिले संचालक ए. जे. टर्नर गेल्यावर अहमद संचालक झाले आणि 1945 पर्यंत तिथेच राहिले. अणूचा अभ्यासक धाग्यात रमला, याचं मला तरी फारसं नवल वाटत नाही. कापसाच्या धाग्याची जाडी मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्श्याच्या आसपास. त्याच्या आत काय चाललंय हे बाजारातल्या नजरेला दिसणं शक्यच नव्हतं. तिथे मोजमापात मुरलेलाच माणूस हवा होता.

वऱ्हाडासाठी तो काळ आणीबाणीचाच होता. मुंबई-लिव्हरपूलच्या बाजारात इकडच्या कापसाला 'ऊमरा' म्हणत, उमरावतीवरून. ऊमरा म्हणजे आखूड धाग्याचा, जाडाभरडा, पण भरवशाचा माल. आमच्या शेतकऱ्याला 'रोझियम' जात आवडे, कारण तिचा उतारा चांगला. कापूस जिनात गेला की सरकी कमी, रुई जास्त. धागा आखूड, पण पैसा रुईच्या वजनाचा. यात शेतकऱ्याचा हिशेब कुठे चुकला? त्याला ज्याचे पैसे मिळत होते तेच तो पिकवत होता. पण 1933 साली आखूड धाग्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक असलेल्या जपानी गिरण्यांनी हिंदुस्थानी कापसावर बहिष्कार टाकला, आणि चांगल्या धाग्याची चर्चा कमिटीच्या कागदांतून बाहेर आली.

या चर्चेत अकोल्याचं नाव माटुंग्याच्या अहवालांत वर्षानुवर्षं दिसतं. प्रयोगशाळा देशभरातल्या ठरावीक 'प्रमाणित' जातींचे नमुने दर हंगामात तपासत असे. त्यांत 'व्हेरम 262' ही जात दोनदा येते, एकदा नागपूरची म्हणून, एकदा अकोल्याची म्हणून. बियाणं तेच, जमीन-पाऊस वेगळे. नमुन्याचं सूत कातून ते किती काउंटापर्यंत टिकतं हे पाहत. एका पौंडात 840 यार्डांच्या जितक्या लडी, तितका काउंट. आकडा मोठा, सूत बारीक. पण एकाच जातीचा, सारख्याच लांबीचा कापूस एका वर्षी नीट कातला जातो आणि दुसऱ्या वर्षी तुटतो, गुठळ्या धरतो, असं का? लांबीकडे पाहून याचं उत्तर मिळत नव्हतं.

उत्तर सेल्युलोजच्या थरांत होतं. मागच्या भागात आपण सेल्युलोजचा शोध घेणारे पेयन आणि स्टाउडिंगर पाहिले, ग्लुकोजच्या हजारो कड्यांची ती लांब साखळी पाहिली. आता ती साखळी बोंडात कशी रचली जाते ते पाहू. कापसाचा प्रत्येक धागा म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच पेशी. फूल उमललं की ती लांबायला लागते आणि साधारण तीन आठवडे लांबतच राहते. या काळात ती पातळ नळीसारखी असते. लांबी पुरी होत आली की आतून भिंत घालायचं काम सुरू होतं. रोज एक थर, जवळजवळ शुद्ध सेल्युलोजचा. लॉरेन्स बॉल्स या ब्रिटिश शास्त्रज्ञानं 1919 मध्ये हे थर दाखवून दिले. झाडाच्या खोडात वर्षांची वलयं असतात तशी इथे दिवसांची वलयं. पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी बोंड फुटतं, पेशी वाळते, नळी चपटी होऊन पीळ धरते. सूतकताईत धागे एकमेकांना धरून राहतात ते बऱ्याच अंशी या पिळामुळे.

म्हणजे लांबी आधी ठरते, भिंत नंतर. आता आपल्याकडचा हंगाम आठवा. कोरडवाहू जमीन, परतीचा पाऊस दगा देतो, पानं लाल पडतात, बोंडं अवेळी तडकतात. लांबी ठरून गेलेली असते. भिंत मात्र अर्धवट. हातात घेतलं तर धागा छान लांब लागतो. गिरणीत तोच धागा मऊ पडतो, गुंततो, रंग नीट घेत नाही. सीतादहीची पूजा करून वेचलेल्या पहिल्या कापसात आणि हंगाम लांबवून घेतलेल्या फरदडीत जो फरक कातणाऱ्याला जाणवतो, त्याचं एक मोठं कारण या भिंतीत आहे.

ही भिंत मोजायची कशी? धागे 18 टक्के कॉस्टिक सोड्यात बुडवायचे. सेल्युलोज फुगतं, चपटी नळी पुन्हा गोल होते. मग सूक्ष्मदर्शकाखाली मधली पोकळी आणि भिंतीची जाडी ताडून बघायची. पोकळी भिंतीएवढी किंवा त्याहून कमी असेल तर धागा पक्व. दुपटीपर्यंत असेल तर अर्धपक्व. त्याहून जास्त असेल तर अपक्व. प्रयोगशाळेतले सूक्ष्मदर्शकतज्ज्ञ ए. एन. गुलाटी आणि अहमद यांनी 1935 मध्ये हिंदुस्थानी कापसाच्या पक्वतेचा धाग्याच्या आणि सुताच्या गुणांशी संबंध मांडला. पक्वता एका आकड्यात सांगायची आपल्याकडची रीत अशी : पक्व धाग्याला पूर्ण एक गुण, अर्धपक्वाला 0.6, अपक्वाला 0.4. शंभरांत 60 पक्व, 25 अर्धपक्व, 15 अपक्व निघाले तर 60 अधिक 15 अधिक 6, म्हणजे 81, पक्वतांक 0.81. इंग्लंडमधल्या पीअर्स आणि लॉर्ड यांचं 1939 चं सूत्र वेगळं आहे. मला मात्र आपलं सूत्र जास्त पटतं, ते पाटीवर मांडता येतं म्हणून.

पण शेकडो धागे एकेक करून डोळ्यांनी मोजणं हे बाजाराचं काम नव्हे. त्यामुळे जगानं 'मायक्रोनेअर' उचललं. ठरावीक वजनाची रुई दाबून तिच्यातून हवा सोडायची आणि ती किती सहज जाते ते बघायचं. काम क्षणात होतं. खोट एवढीच की हवेला बारीकपणा आणि पक्वता वेगवेगळ्या कळत नाहीत. जातीनंच बारीक पण पुरता भरलेला धागा आणि जातीनं जाड पण पोकळ राहिलेला धागा, दोघांचा आकडा सारखा येऊ शकतो. जाड भिंतीच्या आपल्या देशी कापसाचा आकडा चढाच येतो, आणि तो चढा आकडा बारीक सुताच्या गिरणीला नको असतो.

आज कापूस महामंडळाच्या हमीभाव खरेदीत धाग्याची लांबी आणि मायक्रोनेअरचा पट्टा पाहून दर ठरतो. ओलावा 8 टक्क्यांच्या वर गेला की पैसे कापतात, 12 च्या वर गेला की माल परत. खाजगी व्यापारी मात्र अजून मूठ दाबून, रुई ताणून, कवडी, म्हणजे नीट न उमललेला खराब कापूस, किती आहे ते पाहूनच भाव बोलतो. अहमद-गुलाटींनी मोजलेली भिंत माटुंग्यापासून अकोल्याच्या कृषी विद्यापीठापर्यंतच्या पैदासकारांना ठाऊक आहे. जो ती उन्हातान्हात पिकवतो त्याच्या पावतीवर तिचा रकाना नाही, आणि याचा दोष मी शास्त्राला देणार नाही. मोजायला वेळ लागणाऱ्या गुणाचे पैसे द्यायची बाजाराला कधी गरजच पडली नाही.

अहमदांचं पुढे काय झालं? 1945 नंतर ते टॅरिफ बोर्डावर गेले, फाळणीनंतर पाकिस्तानात. 1956 मध्ये तिथल्या अणुऊर्जा आयोगाचे ते पहिले अध्यक्ष झाले. माटुंग्याची प्रयोगशाळा 1966 साली भारतीय कृषी अनुसंधान परिषदेकडे आली, आणि 1991 पासून तिचं नाव सिरकॉट. तिथे आता सेल्युलोजचे नॅनो आकाराचे तंतू वेगळे करायचं काम चालतं.

पुढच्या आठवड्यात जिनातून सुटलेल्या सरकीला चिकटून राहणारी आखूड लव, म्हणजे लिंटर, आणि तिचा नोटांच्या कागदापासून स्फोटकांपर्यंतचा प्रवास.