जुन्या संगणकासाठी हलक्या लिनक्सची निवड

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी 'विंडोज १०' या कार्यकारी प्रणालीचा सर्वसाधारण आधार संपुष्टात आला. तिच्यानंतरच्या 'विंडोज ११' साठी किमान ४ जीबी स्मृती, 'टीपीएम २.०' ही सुरक्षा-सुविधा व तुलनेने नवा प्रोसेसर आवश्यक आहे. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड व धाराशिव या चार जिल्ह्यांतील आपल्या विद्यापीठाच्या महाविद्यालयांत जे संगणक या अटींत बसत नाहीत, ते भंगारात काढावयाचे की विद्यार्थ्यांच्या हाती ठेवावयाचे, हा प्रश्न त्यामुळे उपस्थित होतो. लिनक्स हे त्याचे एक उत्तर होय; परंतु कोणते लिनक्स, याचा विचार मात्र स्वतंत्रपणे केला पाहिजे.

लिनक्स म्हणजे मूलतः लायनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये निर्माण केलेला प्रणालीचा गाभा. या गाभ्याभोवती पडद्यावरील मांडणी व उपयोगी कार्यक्रम रचून जो संच तयार होतो, त्यास 'वितरण' म्हणतात. संगणकावर पडणारा भार बव्हंशी गाभ्याचा नसून या मांडणीचा व त्याहूनही अधिक ब्राउझरचा असतो. 'एक्सएफसीई' व 'एलएक्सक्यूटी' या मांडण्या हलक्या. 'आइसडब्ल्यूएम' त्याहून हलकी.

निवडीपूर्वी प्रथम प्रोसेसर ३२ बिटी आहे की ६४ बिटी, हे पाहावे. क्रोम ब्राउझरने ३२ बिटी लिनक्सचा आधार २०१६ मध्येच थांबविला. ९ ऑगस्ट २०२५ रोजी प्रसिद्ध झालेल्या 'डेबियन १३' मध्येही ३२ बिटी संगणकावर नवी स्थापना करण्याची सोय उरलेली नाही. सबब असा संगणक महाजालापासून दूर, केवळ टंकलेखन व प्रोग्रॅमिंगच्या सरावासाठी ठेवणे श्रेयस्कर.

दुसरा प्रश्न स्मृतीचा. स्मृती म्हणजे अभ्यासाचे मेज व हार्ड डिस्क म्हणजे कपाट, असे समजावे. मेज भरले की प्रणाली काही मजकूर कपाटात ठेवते आणि लागेल तेव्हा पुन्हा काढते. या येरझारांतच संगणक खोळंबतो. म्हणून ६४ बिटी संगणकात ४ जीबी स्मृती असल्यास 'लिनक्स मिंट' ची एक्सएफसीई आवृत्ती किंवा 'लुबुंटू' घ्यावे. २ जीबी असल्यास एलएक्सक्यूटीसह डेबियन, आणि १ जीबी किंवा त्याहून कमी असल्यास 'अँटिएक्स' अथवा स्मृतीतूनच चालणारे 'पपी' योग्य ठरते. तथापि १ जीबीवर ब्राउझरची अनेक पाने एकदम उघडण्याची अपेक्षा कोणत्याही वितरणाकडून करू नये. शक्य असल्यास स्मृती वाढवावी व फिरत्या डिस्कच्या जागी 'एसएसडी' बसवावी. या दोन गोष्टींनी जो फरक पडतो, तो केवळ वितरण बदलून पडत नाही.

तिसरा प्रश्न आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा, तो मराठीचा. आकार लहान ठेवण्यासाठी काही वितरणांतून भारतीय लिपींचे टंक वगळलेले असतात. मग देवनागरी मजकुराच्या जागी रिकामे चौकोन दिसतात. अशा वेळी 'लोहित' किंवा 'नोटो' हे मुक्त टंक आणि 'आयबस' सह इनस्क्रिप्ट कळफलक बसवून घ्यावा. त्यानंतर 'दुसऱ्या', 'वऱ्हाड', 'बाळ' हे शब्द टंकून पाहावेत. पहिल्या दोहोंतील अर्धा 'र' चंद्रकोरीसारखा उमटला, तरच ती प्रणाली मराठीच्या कामास सिद्ध झाली असे मानावे.

या सर्व गोष्टींची परीक्षा जुनी प्रणाली न पुसता करता येते. वितरण पेनड्राइव्हवर उतरवून संगणक त्यावरूनच सुरू करावा. पडदा, ध्वनी, वायफाय व मुद्रणयंत्र तपासावे. पेनड्राइव्हवरून चालताना गती काहीशी मंद असते, एवढे ध्यानात ठेवावे. समाधान झाल्यावर डिस्कवरील सर्व मजकुराची प्रत अन्यत्र काढून मगच कायमची स्थापना करावी.

सारांश, वितरणाची कीर्ती पाहून निवड करू नये. संगणकाची कुवत व त्यावर करावयाचे काम पाहून करावी. क्षणात सुरू होणारा, पण विद्यार्थ्याला स्वभाषेत एक परिच्छेद लिहू न देणारा संगणक हलका खरा, उपयोगी नव्हे.