दोनशे पानी वही

2017 च्या पावसाळ्यात मी नगरहून बंगळुरूच्या बेळ्ळंदूरला राहायला आले. त्याच फेब्रुवारीत इथलं तळं पेटलं होतं, आणि वारा सुटला की त्याचा पांढरा फेस रस्त्यावर उडायचा. रविवारी इंग्रजी भक्तीला जायचं, आमेन म्हणायचं, परत यायचं. आईनं लग्नात दिलेलं मराठी पवित्र शास्त्र कपाटातच होतं. एका संध्याकाळी तळमजल्यावरच्या मिरजेच्या मावशींनी दार वाजवलं. म्हणाल्या, "तू 'उपासना संगीत'मधलं गुणगुणत होतीस, जिन्यात ऐकलं मी. बुधवारी खाली ये."

त्या बुधवारी प्रार्थनेला आम्ही पाच जणी होतो. लहानपणापासून मी पाहिलं होतं ते असं, की प्रार्थना करायची ती पाळकसाहेबांनी नाहीतर वडीलधाऱ्यांनी, आपण डोळे मिटायचे. माझी पाळी आली तेव्हा तोंडातून शब्द फुटेना. मावशी हळूच म्हणाल्या, "एकच वाक्य बोल. आईशी बोलतेस तसं." मी म्हटलं, "प्रभू, मला इथं करमत नाही." चौतिसाव्या वर्षी मोठ्यानं केलेली ती माझी पहिली प्रार्थना.

मावशींनी एक दोनशे पानी वही ठेवली होती. डावीकडे विनंती आणि तारीख, उजवीकडे उत्तर मिळालं ती तारीख. आज पहिली पानं उघडली की आमचं तेव्हाचं मन दिसतं. घराचं कर्ज, यजमानांची बढती, मुलाचा शाळाप्रवेश, व्हिसा. देवबापाकडे मागण्यात वावगं काहीच नाही, पण पानंच्या पानं नुसती मागणीच होती.

2018 मध्ये आम्ही पंडिता रमाबाईंचं चरित्र मिळून वाचलं. त्यांचा जन्म 1858 चा, गंगामूळच्या रानातला, म्हणजे आजच्या कर्नाटकातला. घर सोडून इथं आलेल्या आम्हा बायकांना त्याचं फार अप्रूप वाटलं. 1905 च्या जानेवारीत केडगावच्या आपल्या मुक्तिसदनात रमाबाईंनी रोजच्या प्रार्थनेसाठी हाक दिली. सुरुवातीला सत्तरेक जणी जमल्या, जूनपर्यंत पाचशेच्या वर. त्यात विधवा होत्या, दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुली होत्या. त्याच रमाबाई पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बाईला कळेल अशा मराठीत बायबल उतरवत बसल्या. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या, त्याच्या थोडंच आधी ते काम हातावेगळं झालं होतं, आणि त्याचे खिळे मुक्तीतल्या बायकांनीच जुळवले. रमाबाईंचं समाजकार्य सगळे सांगतात, त्यांची प्रार्थना मात्र बाजूला ठेवतात. मला ते पटत नाही. एकीशिवाय दुसरं उभंच राहिलं नसतं.

ते वाचल्यावर वहीतली डावी बाजू बदलू लागली. आमच्या मजल्यावर झाडलोट करणाऱ्या रायचूरच्या बाईचं नाव पहिल्यांदा लिहिलं गेलं. नाव लिहायचं तर ते आधी विचारावं लागलं. दोन वर्षं तिला रोज बघत होतो आणि नाव ठाऊक नव्हतं, याची लाज वाटली.

सगळ्यात मोठा धडा मात्र आमच्या चुकीतून मिळाला. आमच्यातली एक जण मूल व्हावं म्हणून प्रार्थना मागायची. दर बुधवारी आम्ही तिला म्हणायचो, "विश्वास धर, होईल." तिसरा गर्भपात झाला आणि ती यायची थांबली. आमच्या बोलण्याचा अर्थ तिनं असा लावला, की तिचाच विश्वास कमी पडला. लावला कशाला म्हणू, आमच्या बोलण्यात तो होताच. मावशी तिच्या घरी जायला लागल्या. प्रार्थना करायच्या नाहीत, वचन वाचायच्या नाहीत. भाजी निवडत तिच्याशेजारी बसायच्या. शमुवेलाच्या पुस्तकातल्या हन्नाचे नुसते ओठ हलत होते, आवाज नव्हता, आणि एली याजकाला ती प्यायलेली वाटली. आम्ही सगळ्या एली झालो होतो. पाच महिन्यांनी ती परत आली, तेव्हा आम्ही एकेकीनं तिची क्षमा मागितली. त्यानंतर आमच्यात कोणी कोणाच्या विश्वासाचं माप काढलेलं नाही.

2020 च्या टाळेबंदीत आम्ही फोनवर जमत होतो. एकीचे वडील सोलापूरला वारले, तिला जाता आलं नाही. त्या रात्री अर्धा तास आम्ही कॅमेरे चालू ठेवून गप्प बसलो. आधी घेतलेल्या धड्यामुळेच ते जमलं.

सप्टेंबर 2022 च्या पुरात आउटर रिंग रोड पाण्याखाली गेला आणि मावशींच्या घरात गुडघाभर पाणी शिरलं. दुसऱ्या मजल्यावर खिचडीचं मोठं पातेलं चढवलं. पहिली ताटं पहारेकऱ्यांच्या आणि त्या रायचूरच्या बाईच्या घरी गेली. वही भिजली. उन्हात वाळवली, शाई पसरली, तरी वाचता येते.

आता आम्ही नऊ जणी आहोत. मूल मागणाऱ्या त्या मैत्रिणीच्या नावासमोरची उजवी बाजू अजून कोरी आहे आणि आजही ते नाव आम्ही मोठ्यानं घेतो.

तुमच्या इमारतीत एखादी मराठी बहीण आठवडाभर कोणाशी आपल्या भाषेत बोलत नसेल, तर येत्या बुधवारी तिचं दार वाजवा. पाच जणी होईपर्यंत थांबू नका, दोघी पुरतात.