बारोलो : जेवणाची वाइन, हृदयाचे औषध नव्हे

रेड वाइन हृदयाला चांगली असते, असा समज आपल्याकडे बराच रुजला आहे. परदेशी गेलेली मुले येताना बाटली आणतात आणि ‘औषध म्हणून रोज थोडी’ घेण्याचा बेत ठरतो. म्हणून आज इटलीतील अशाच एका नामांकित वाइनची माहिती घेऊ.

इटलीच्या वायव्येस पिडमाँट प्रांत आहे. तेथे आल्बा गावाजवळच्या टेकड्यांवर नेबिओलो जातीची द्राक्षे होतात. ती उशिरा, बहुधा ऑक्टोबरात, धुक्याच्या दिवसांत तोडतात. त्यांच्यापासून बारोलो बनते. तेथील नियमानुसार ती किमान ३८ महिने मुरवावी लागते, त्यापैकी १८ महिने लाकडी पिंपात. रंग फारसा गडद नसतो. चव मात्र चांगलीच तुरट व आंबट. मद्यार्काचे प्रमाण साधारण १४ टक्के, म्हणजे बिअरच्या दुपटीहून अधिक.

तुरटपणा कशामुळे?

द्राक्षाच्या सालीत व बियांत टॅनिन असते. सुपारी, हिरडा, कच्चे केळे यांचा तुरटपणाही टॅनिनमुळेच येतो. लाळेतील प्रथिनांमुळे तोंड ओले व बुळबुळीत राहते. टॅनिन या प्रथिनांना चिकटते आणि तोंड कोरडे पडते. कोऱ्या चहात दूध घातले की दुधातील प्रथिने टॅनिनला बांधून ठेवतात व चहा सौम्य लागतो. बारोलोबरोबर मांस किंवा चीज खाल्ले की असेच काहीसे होते.

म्हणूनच पिडमाँटमध्ये ती नुसती पीत बसण्याऐवजी भरपेट जेवणाबरोबर घेण्याची रीत आहे. याच वाइनमध्ये मंद आचेवर तासन्‌तास शिजवलेले गोमांस, रानडुकराचे मांस, अंड्याच्या बारीक शेवया व त्यावर किसलेली ट्रफल नावाची सुगंधी भूछत्रे, जुने मुरलेले चीज हे तिचे सोबती. स्निग्ध पदार्थाने तुरटपणा कमी भासतो आणि वाइनच्या घोटाने तोंडाचा तेलकटपणा जातो. नाजूक चवीचे मासे मात्र तिच्यापुढे फिके पडतात. आपल्या झणझणीत रश्श्याशीही तिचे जमत नाही, कारण मद्यार्कामुळे मिरचीची आग वाढते.

हृदयाचे काय?

१९९० च्या दशकात फ्रेंच लोकांची उदाहरणे देऊन रेड वाइनची कीर्ती पसरली. द्राक्षातील रेझव्हेराट्रॉल या द्रव्याला श्रेय दिले गेले. इटलीतच, चियांती भागातील ६५ वर्षांवरील ७८३ व्यक्तींची नऊ वर्षे पाहणी झाली. २०१४ साली निष्कर्ष आला : शरीरात हे द्रव्य अधिक असलेल्यांना हृदयविकार, कर्करोग वा मृत्यू यांपासून जादा संरक्षण मिळालेले दिसले नाही. मद्यार्क कर्करोगकारक असल्याचे १९८८ पासून मान्य आहे. मद्यपानाची कोणतीही मात्रा निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले.

दीडशे मिलिलिटरच्या एका पेल्यात सुमारे १६ ग्रॅम मद्यार्क जातो. एवढ्यातून शंभराहून अधिक कॅलरी मिळतात. पोषण जवळजवळ नाही.

कोणी टाळावी?

गरोदर स्त्रिया, यकृताचे रुग्ण, रक्तातील ट्रायग्लिसराइड वाढलेले रुग्ण यांनी ती पूर्ण वर्ज्य करावी. झोपेच्या गोळ्या किंवा मेट्रोनिडाझोल चालू असतानाही घेऊ नये. मधुमेहासाठी इन्सुलिन वा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर, विशेषतः उपाशीपोटी, धोकादायकरीत्या उतरू शकते. तेव्हा येणारी भोवळ घरच्यांना ‘चढली’ असे वाटते आणि उपचारास उशीर होतो. रक्तक्षय असलेल्यांनी हेही ध्यानात ठेवावे की, टॅनिनमुळे भाजी-डाळीतील लोह कमी शोषले जाते.

बारोलो ही चवीची गोष्ट आहे, उपचाराची नव्हे. जे घेत नाहीत त्यांनी हृदयासाठी म्हणून मुळीच सुरू करू नये. जे घेतात त्यांनी ती क्वचित, थोडी आणि जेवणाबरोबरच घ्यावी. नंतर वाहन चालवू नये. हृदयासाठी रोज अर्धा तास झपाझप चालावे, तंबाखू सोडावी, मीठ कमी करावे आणि रक्तदाब नियमित तपासून घ्यावा.