जुने मोटारहोम घेताना

अमेरिकेत जुने डिझेल मोटारहोम पाहावयास गेलेले कुटुंब प्रथम त्यातील स्वयंपाकघरात रमते. खरा खर्च मात्र खाली, चासीत दडलेला असतो. इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहावे. विक्रेत्याने ते आधीच तापवून ठेवले असल्यास दुसऱ्या दिवशी यावे. सांगाड्यावरील वरवरचा गंज चालेल, पापुद्रे सुटणारा नव्हे. मागे इंजिन असलेल्या अनेक गाड्यांत रेडिएटरही मागेच असतो. ब्रीदर नळीतून येणारी तेलकट वाफ आणि रस्त्याची धूळ त्याच्या जाळीत थिजते, व चढावर इंजिन तापू लागते. ही घाण बाहेरून दिसत नाही. पंख्याच्या बाजूने टॉर्च टाकावा. गिअरबॉक्सच्या तेलाला करपट वास नसावा. टायरची नक्षी कोरी असली तरी ‘डॉट’ क्रमांकाचे शेवटचे चार अंक वाचावेत: ‘२३१६’ म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा. असे टायर बदलण्याचा खर्च सौद्यातून वजा करावा.