किलपेक चर्च

सेंट मेरी व सेंट डेव्हिड चर्च, किलपेक हे इंग्लंडच्या हेरेफर्डशायर परगण्यातील किलपेक या लहान खेड्यात असलेले मध्ययुगीन चर्च आहे. हेरेफर्ड शहराच्या नैर्ऋत्येस सुमारे १४ किलोमीटर अंतरावर, वेल्सच्या सीमेजवळ ते उभे आहे. इ.स. ११४० च्या सुमारास बांधलेली ही वास्तू आकाराने साधी असली, तरी तिच्यावरील दगडी कोरीवकामामुळे ती इंग्लंडमधील रोमनेस्क शिल्पकलेचे एक महत्त्वाचे उदाहरण मानली जाते. इंग्लंडमध्ये या शैलीला 'नॉर्मन' असेही म्हणतात. शासनाच्या वारसा यादीत या चर्चला प्रथम श्रेणीचे संरक्षण आहे.

इतिहास

किलपेकचा परिसर पूर्वी एर्गिंग या वेल्श राज्याचा भाग होता. इंग्रजीत तो आर्चेनफील्ड या नावाने ओळखला जातो. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर हा सीमाप्रदेश ताब्यात ठेवण्यासाठी ठिकठिकाणी गढ्या उभारण्यात आल्या. किलपेकची गढी त्यांपैकीच एक होय. तिची मातीची उंच टेकडी आणि भिंतींचे काही अवशेष चर्चच्या पश्चिमेस आजही दिसतात. ईशान्येस जुन्या तटबंद वस्तीच्या मातीच्या बांधांच्या खुणा आहेत. गढी, चर्च आणि वस्ती यांचा एकत्र विचार केला, म्हणजे एवढ्याशा खेड्यात इतके खर्चिक कोरीवकाम का झाले, याचा उलगडा होतो. हे एकेकाळी सत्ताकेंद्र होते. त्याचे महत्त्व ओसरले आणि चर्च तेवढे टिकून राहिले. ११३४ मध्ये येथील जमीनदार ह्यू याने हे धर्मस्थान ग्लॉस्टरच्या मठाला दान दिले.

रचना

चर्चचे तीन भाग पश्चिमेकडून पूर्वेकडे एका ओळीत येतात. पहिला भाग म्हणजे उपासकांसाठी असलेले लांबट सभागृह (नेव्ह). त्यानंतर धर्मगुरूंसाठी राखलेला चॅन्सेल आणि शेवटी ॲप्स हा अर्धवर्तुळाकार भाग. प्रत्येक भाग आधीच्या भागापेक्षा अरुंद असल्याने पाहणाऱ्याची दृष्टी आपोआप पूर्वेकडे ओढली जाते. हिंदू मंदिरात सभामंडपातून गाभाऱ्याकडे जाताना जो अनुभव येतो, त्याच्याशी याची तुलना करता येईल. बांधकाम स्थानिक तांबूस वालुकाश्माचे आहे. ॲप्सचे कमानदार छत दगडी फासळ्यांवर तोललेले असून त्या फासळ्यांवर नागमोडी नक्षी आहे.

शिल्पे

दक्षिण दरवाजा: मुख्य प्रवेश दक्षिणेकडून आहे. दाराच्या वरच्या अर्धवर्तुळाकार शिलापटावर फळांनी लगडलेली वेल कोरली आहे. ती जीवनवृक्षाचे प्रतीक समजली जाते. सभोवतालच्या कमानीत पक्षी, मासे व काल्पनिक प्राणी आहेत. डाव्या खांबावर वेलींच्या जाळ्यात गुंतलेले दोन योद्धे दिसतात, तर बाहेरील खांबांवर एकमेकांचे शेपूट तोंडात धरलेले सर्प आहेत.

वळचणीखालील शिल्पे: भिंतीतून पुढे आलेले जे कोरीव दगड छताच्या कडेला आधार देतात, त्यांना 'कॉर्बेल' म्हणतात. येथे असे सुमारे ८५ दगड शिल्लक आहेत. एकावर कुत्रा आणि ससा शेजारी शेजारी आहेत; इतरांवर वाद्य वाजविणारा माणूस, मेंढ्याचे मुख, पक्षी आणि राक्षसी चेहरे आहेत. धार्मिक व लौकिक विषयांची ही सरमिसळ रोमनेस्क कलेत सर्रास आढळते. पश्चिमेकडील कोपऱ्यांवर जबडा उघडलेली ड्रॅगनमुखे भिंतीबाहेर डोकावतात. त्यांच्या घडणीत स्कँडिनेव्हियन कलेची छाया आहे.

या ओळीतील सर्वाधिक चर्चिले गेलेले शिल्प 'शीला-ना-गिग' या प्रकारातील आहे. त्यात एक नग्न स्त्री दोन्ही हातांनी आपली योनी उघडून दाखविते. वासनेविरुद्ध इशारा, सुफलनाचे प्रतीक किंवा अशुभ टाळणारी रक्षक आकृती असे त्याचे निरनिराळे अर्थ सांगितले जातात. त्यांवर एकमत नाही. दख्खनमधील लज्जागौरीच्या मूर्तींची आठवण मराठी वाचकाला येथे होणे साहजिक आहे. मात्र रूपसाम्य म्हणजे ऐतिहासिक संबंध नव्हे.

आतील कमान: सभागृह आणि चॅन्सेल यांच्यामधील कमानीच्या दोन्ही बाजूंना एकावर एक अशा तीन-तीन संतमूर्ती आहेत. स्पेनमधील सान्तियागो दे कोंपोस्तेला येथील कॅथीड्रलच्या खांबांवर अशीच मांडणी आढळते.

हेरेफर्डशायर शिल्पपरंपरा आणि शॉब्डन

किलपेक घडविणाऱ्या कारागिरांची नावे ज्ञात नाहीत. तथापि परिसरातील अनेक ठिकाणी त्याच हातोटीचे काम दिसत असल्याने अभ्यासक या समूहाला 'हेरेफर्डशायर शिल्पपरंपरा' म्हणतात. अर्डस्ली आणि कॅसल फ्रोम येथील बाप्तिस्म्याची दगडी पात्रे याच परंपरेतील आहेत. शॉब्डन येथील चर्चही त्यातलेच होते. ते बांधविणारा ऑलिव्हर द मर्लिमाँ सान्तियागोची यात्रा करून आला होता, त्यामुळे स्पेनमधील कल्पना या भागात त्याच्यामार्फत आल्या असाव्यात, असे मानले जाते.

अठराव्या शतकाच्या मध्यास शॉब्डनचे जुने चर्च पाडून नवे बांधण्यात आले. जुन्या कमानी व कोरीव शिलापट जवळच्या टेकडीवर शोभेसाठी उघड्यावर उभारले गेले. छप्पर व वळचण नाहीशी झाल्यामुळे ऊन, पाऊस आणि हिम यांनी दगड झिजत गेला. आज तेथील बहुतेक आकृती ओळखणेही कठीण आहे. जॉर्ज रॉबर्ट लुईस या चित्रकाराने १८४२ मध्ये किलपेकची आणि १८५२ मध्ये शॉब्डनची रेखाचित्रे प्रसिद्ध केली. शॉब्डनच्या कामाची कल्पना येण्यासाठी आज या रेखाचित्रांचा मोठा आधार घ्यावा लागतो. किलपेकची शिल्पे मात्र मूळ जागीच पाहता येतात. शिल्प हे इमारतीवर चढविलेला दागिना नसून तिच्या भिंती-छपरांच्या आधाराने जगणारा तिचाच अवयव आहे, हे या दोन गावांच्या तुलनेतून स्पष्ट होते.

भेट

चर्च आजही उपासनेसाठी वापरात आहे. त्यामुळे प्रार्थनेच्या वेळी आत शांतता पाळणे अपेक्षित असते. प्रथम बाहेरून पूर्ण फेरी मारून वळचणीखालील शिल्पे पाहावीत, त्यासाठी दुर्बीण उपयुक्त ठरते. नंतर दक्षिण दरवाजा आणि आतील कमान पाहून शेवटी गढीच्या टेकडीवर जावे. तेथून चर्च आणि जुन्या वस्तीची जागा एकत्र दिसते. कोरीव दगडांना स्पर्श करणे टाळावे, कारण वालुकाश्म हाताळल्यानेही झिजतो.