रक्तातील औषधाचे मोजमाप

डिगॉक्सिन हे हृदयविकारावरील जुने औषध आहे. योग्य प्रमाणात ते दुर्बळ हृदयास बळ देते. प्रमाण थोडे वाढताच मळमळ, पिवळसर दिसणे आणि हृदयाच्या ठोक्यांत जीवघेणी अनियमितता उद्भवू शकते. ते मुख्यत्वे मूत्रपिंडावाटे बाहेर पडत असल्याने मूत्रपिंड क्षीण झालेल्या वृद्ध रुग्णास नेहमीची मात्राही अधिक होऊ शकते. अशा वेळी मळमळ आजारामुळे की औषधामुळे, हे केवळ लक्षणांवरून ठरविणे कठीण असते. म्हणून आम्ही रक्ततपासणीचा आधार घेतो.

रक्तद्रवाच्या एका मिलिलिटरमध्ये हे औषध साधारण १ नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या शंभर कोटीव्या भागाइतके असते. एवढे सूक्ष्म मोजमाप शक्य करणारी पद्धत रोझलिन यालो व सॉलोमन बर्सन यांनी न्यूयॉर्कमध्ये १९५० च्या दशकात इन्शुलिनसाठी विकसित केली. बर्सन १९७२ साली निवर्तले. यालो यांना १९७७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. डिगॉक्सिनसाठी ही पद्धत १९६९ साली उपलब्ध झाली.

तिचे तत्त्व सोपे आहे. पंगतीत पाट मोजकेच मांडले, तर पाहुणे जितके अधिक, तितकी घरची माणसे कमी बसतात. येथे पाट म्हणजे औषधास धरून ठेवणारी प्रतिपिंडे, घरची माणसे म्हणजे किरणोत्सर्गी आयोडीनची खूण लावलेले औषध आणि पाहुणे म्हणजे रुग्णाच्या रक्तातील औषध. जागा न मिळालेला भाग वेगळा करून उरलेला किरणोत्सर्ग मोजतात. तो जितका कमी, तितके रक्तातील औषध अधिक. ज्ञात प्रमाणाच्या नमुन्यांशी तुलना करून नेमका आकडा मिळतो. ही सर्व क्रिया परीक्षानळीत होते. रुग्णाच्या शरीरात किरणोत्सर्गी द्रव्य जात नाही.

या आयोडीनचा किरणोत्सर्ग सुमारे ६० दिवसांत निम्मा होतो, त्यामुळे असे संच साठवून ठेवता येत नाहीत. आज बहुतेक प्रयोगशाळांत किरणोत्सर्गी खुणेऐवजी प्रकाश देणारी खूण वापरतात. प्रतिपिंडांचे तत्त्व मात्र कायम आहे. यंत्र एकदाच घ्यावे लागते, संच मात्र वारंवार. म्हणून दात्यांचे नियमित साहाय्य आम्हांस मोलाचे वाटते.

रुग्णांच्या नातेवाइकांस एक विनंती. डिगॉक्सिनची गोळी घेतल्यानंतर किमान सहा तासांनी रक्त द्यावे आणि गोळीची वेळ आमच्या कर्मचाऱ्यांस अवश्य सांगावी. औषध शरीरात पूर्णपणे पसरण्यापूर्वी रक्त घेतल्यास आकडा विनाकारण मोठा येतो, आणि त्यावरून आवश्यक औषधही थांबविले जाण्याचा धोका असतो.